मोजणारी

पालथे झोपा, ठवकर. तोंड ह्या गोल खड्ड्यात.
आता मला फक्त तुमची मान दिसते
आणि तुम्हाला माझी चप्पल.

मी डॉक्टर नाही. डॉक्टर सुई देतील, भोकं पाडतील,
मधेच बाहेर जाऊन फोनवर बोलतील.
मी मोजणारी. पाचपावलीची.
रामदासपेठेत ऑटोतून उतरते तेव्हा साडेआठ,
रात्री डोळे मिटले तरी
काळ्या ठिपक्यांची रांग चालूच राहते.

बधिर करायची सुई दुखते.
दुखत नाही म्हणणाऱ्याने ती घेतलेली नसते.
मग डोकं तुमचं राहत नाही,
शेजाऱ्याने सांभाळायला दिल्यासारखं होतं.

एक सांगू? इथे नवीन काही उगवत नाही.
मागचं पुढे आणतो, एवढंच.
मागचे केस हट्टी,
तुमच्या बाबांचेही तेवढेच उरले असतील, कानावरून कानापर्यंत.
पण मोजके. जिथून उचलला तिथे तो परत येत नाही.
सव्विसाव्या वर्षी सगळे कपाळाला वाटून टाकाल,
तर चाळिशीत टाळू हात पसरेल तेव्हा काय द्याल?
म्हणून रेषा जरा वर मागायची असते.
आणि जे अजून डोक्यावर आहेत
ते गळतच राहणार, गोळी घ्या नाहीतर मलम,
ते डॉक्टरांना विचारा, मला नाही.

एकशे बारा. एकशे तेरा.
हा जुळा निघाला, छान.

आमची आई विंचरून आलेला गुंता
बोटाला गुंडाळून कोनाड्यात खुपसायची.
महिन्यातून एकदा केसवाली यायची, तागडी घेऊन.
मूठभर केसांच्या दोन पिना, नाहीतर एक फुगा.
मी रडून फुगा घ्यायची.
इथे एका मुळाचे चाळीस रुपये लावतात.
आईला मी हा आकडा अजून सांगितला नाही.

चारशे सहा.

दुपारी खिचडी मिळेल. सावजी मागू नका,
घाम फुटेल असं सध्या काहीच नको,
आणि ह्या गावात, एप्रिलमध्ये,
ते कसं जमवायचं तुमचं तुम्ही बघा.
रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं.
तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांत उतरते,
आरशात दुसराच कोणी दिसतो, भिऊ नका.
खपल्या नखाने काढायच्या नाहीत.
मिहानला गाडीवर जाता न? हेल्मेट कधी घालायचं
ते विचारून घ्या, तोवर बसने जा.

लग्न कधी म्हणालात?
मेच्या बावीसला?

माझा चिमटा थांबला, तुम्हाला कळलं नसेल.

तीन आठवड्यांनी लावलेले गळायला लागतात, ठवकर.
मूळ आत राहतं, वरचा केस जातो.
चौथ्या महिन्यात कोवळी, वाकडीतिकडी लव,
मनासारखं दिसायला वर्ष.
बावीस मेला तुम्ही आजच्यापेक्षा उजाड असाल,
त्यावर मुंडावळ्या, त्यावर शेहेचाळीस डिग्री.
कोणी विचारलं नाही तुम्हाला तारीख?
«पॅकेज विचारलं,» तुम्ही खड्ड्यातून म्हणालात.

आता मधेच सोडून उठता येत नाही.
आठशे बाहेर आहेत, थंड पाण्यात,
माझ्या भरवशावर.

तिला माहीत आहे का?

मान हलवू नका!
नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणा.

«तिने मला टोपीशिवाय पाहिलंच नाही.»

एवढं बोलून गप्प झालात.
कूलरचा आवाज, भोकं पाडायच्या मशीनची घरघर,
माझ्या चपलेकडे बघत असाल.
तिचा अंगठा शिवलेला आहे, बघितलंत?
पांढऱ्या दोऱ्याने, काळी चप्पल.
सुरुवातीला मीच पाय मागे ओढायची.
आता नाही. दिवसभर कोणी ना कोणी बघतंच.

जेवायच्या सुट्टीत फोन देते तुमचा.
टोपी न घालता करा, व्हिडिओवाला,
पट्टीसकट. हसली तर हसू द्या.

आठशे एक.
दोन.
हा तुटला. हा धरायचा नाही.
दोन.